राजाची वाकलेली रेघ

एका राज्यात वज्रबाहू नावाचा राजा होता. मनाने लोण्याहून मऊ, पण हट्टाला पेटला की त्याच्यापुढे हत्तीही बरा. नगर वाढले, सांडपाणी रस्त्यावर आले, तेव्हा त्याने सोन्याच्या शलाकेने नकाशावर गटाराची रेघ ओढली. रेघ थेट पाणथळीतून गेली, जिथे लव्हाळ्यांत जांभळ्या पाणकोंबड्यांची घरटी होती.

प्रधान चाचरत म्हणाला, "महाराज, थोडी वळवावी."

"राजाची रेघ वाकत नाही," राजा म्हणाला. त्या घराण्याची तशी रीतच होती, आणि रीत म्हटली की शहाणीसुरती माणसेही डोळे मिटून घेतात.

कुदळी पडू लागल्या. तेव्हा पाणकोंबड्यांची वृद्ध राणी दरबारात येऊन सिंहासनासमोर उभी राहिली. "ज्या मुखाने हुकूम सुटला, ते मुख मिटो," एवढे बोलून ती उडून गेली. राजाची वाचा गेली. हुकूम मात्र चालूच राहिला, कारण तो राजाच्याच तोंडून मागे घ्यायचा, असा कायदा होता.

राजकन्या इंदुलेखेचा बापावर फार जीव. रोज जेवताना तो तिला हाक मारी. ती हाक थांबली आणि तिला घास उतरेना. तशीच उठली आणि पाणथळीत गेली.

"तीन कामे झाली तर शाप उतरेल," ती राणी पक्षीण म्हणाली. "नगराचे सांडपाणी डोक्यावर घेऊन बाजारातून चालत ये."

राजकन्येने घडा उचलला. लोकांनी नाके धरली. पाणी त्यांचेच होते, म्हणून तिला हसू आले.

"आता हे ओसाड माळावर ओत आणि तिथे लव्हाळे लाव."

तिने लावले. ती हात धुते न धुते तोच लव्हाळे पुरुषभर वाढले आणि मुळांतून स्वच्छ पाणी झिरपू लागले.

"तिसरे काम तुझे नव्हे. राजाने आपली रेघ आपल्या हाताने पुसावी."

इथे मात्र राजकन्येचा धीर सुटला. घडा उचलता येतो, बापाचा हट्ट कसा उचलणार? ती दरबारात गेली आणि तिसरे काम तिने राजाला सांगितले. खोदणारे घरट्यांजवळ पोचल्याची वर्दी नुकतीच आली होती. राजाने रेघ पुसायला मान हलवून नकार दिला आणि भिंतीवरच्या पूर्वजांच्या तसबिरींकडे बोट दाखवले.

"तात," ती म्हणाली, "रेघ सरळ राहिली तर हे सगळे प्रसन्न होतील. पण यांतले कोणी मला जेवायला हाक मारणार नाही. मला तुमची हाक हवी आहे."

राजा आवाजाविना हसला, मग त्याचे डोळे भरले. भर दरबारात त्याने शेल्याच्या पदराने रेघ पुसली आणि पाणथळीला वळसा घालून माळाकडे जाणारी नवी, वेडीवाकडी रेघ ओढली.

"इंदू," राजा म्हणाला, "घोडे मागव. माणसे थांबवायची आहेत."

बापलेक दौडत गेली. पक्षीण अंड्यांवर बसली होती आणि समोरच्या खोदणाऱ्याची कुदळ वर उचललेली होती. राजाने हाक दिली तशी त्याने ती आनंदाने खाली टाकली. त्यालाही ते काम नकोच होते.

गटार माळावर गेले, नगराची घाण लव्हाळ्यांनी गिळली. पुढे शेजारचा एक राजा पाहुणा आला आणि नकाशा पाहून कुजबुजला, "ही एवढी रेघ वाकडी कशी?"

"मीच वाकवली," वज्रबाहू छाती फुगवून म्हणाला.

पाणी पाण्याच्या वाटेने गेले, पाखरे पिलांत रमली. ऐकणाऱ्यांच्या घरीही सारे असेच निवळो.