ब्रेकपॅडची भुकटी

घाटातून ट्रक धावू लागून बरीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका ट्रकच्या चाकातला जुना ब्रेकपॅड फार मानी होता. “उतारावर किती जीव वाचवले मी!” असं तो येईल त्याला ऐकवायचा.

एके दिवशी गॅरेजमध्ये त्याच्या जागी बसवायला काथ्याचा नवा पॅड आला. जुना खो खो हसला. “नारळाच्या शेंड्या ट्रक थांबवणार?”

“घाटात तपासूनच आणलंय मला,” नवा शांतपणे म्हणाला.

इतक्यात पाना घेऊन सुगंधा आली. जुन्याला नवल वाटलं. “गंगाराम मिस्त्री कुठे आहेत?”

“बाबा अंथरुणाला खिळलेत. तुझी आणि तुझ्या भाऊबंदांची भुकटी ते तोंडाने फुंकून काढायचे ना? त्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसने छाती भरली, म्हणाले डॉक्टर.”

“माझ्यामुळे?” जुना पॅड सुन्न झाला. मिस्त्रींना तो आपला जिवलग समजायचा.

“म्हणूनच मला आणलंय,” नवा हळूच म्हणाला.

सुगंधाने चाकात हात घातला.

“थांब पोरी!” जुना किंचाळला. “हात लावू नकोस. आधी नाकातोंडाला ओलं फडकं बांध, मग मला काढ.”