शून्य नंबरची किल्ली

एका गावात एक भोळा प्रोग्रामर होता. भोळा हे आपण म्हणायचं, चारचौघांत बरं दिसतं म्हणून. नाव केरबा. वय बत्तीस, डिग्री पहिल्या वर्गाची, वही दोनशे पानी. कुणी काही सांगितलं की तो वहीत लिहून घ्यायचा, खाली रेघ मारायचा आणि म्हणायचा, "आलं ध्यानात." ध्यानात त्याच्या सगळं यायचं. डोक्यात काही शिरायचं नाही.

गावाचं नाव आंबेडोह. तिथे पाणीवापर संस्था होती. कॅनॉलचं पाणी कुणाच्या रानात कोणत्या वारी सोडायचं, ते ही संस्था ठरवायची. संस्थेचे चेअरमन तात्यासाहेब. बावीस वर्षं तेच. निवडणूक व्हायची, नाही असं नाही. हात वर करून व्हायची. तात्यासाहेब समोर खुर्ची टाकून बसायचे आणि हात बघायचे. ज्याचा हात भलत्या वेळी वर गेला, त्याची पाण्याची पाळी पुढच्या मंगळवारपासून हुकायची. त्यामुळे गावात डोकी कशीही असोत, हात सगळे शहाणे झाले होते.

यंदा शाळेतून निवृत्त झालेले सबनीस गुरुजी तात्यासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. त्यांनी एकच अट घातली. मतदान गुप्त, यंत्रावर. तात्यासाहेब म्हणाले, "होऊ द्या की." यंत्राचं काम मिळालं उमाबाईंना. तालुक्याच्या गावी उमाबाईंचा कारखाना होता. यंत्रही त्यांचं, यंत्रातला कर्नेल, म्हणजे आतला मुख्य प्रोग्राम, तोही त्यांचाच. आणि त्यांच्या हाताखाली कामाला होता आपला केरबा.

केरबाला आईबाप नव्हते. वाढवला आत्यानं, हौसाबाईनं. तिचं वीस गुंठे वांग्याचं रान कॅनॉलच्या पार शेवटाला. वरच्यांची पोटं भरली की उरलंसुरलं पाणी तिच्यापर्यंत यायचं. बाई बोलायला फटकळ, पण तात्यासाहेब दिसले की डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढायची. ती केरबाला म्हणाली, "केरबा, यंदा गुरुजीस्नी मत द्यावं म्हंते. माजं मत कुणाला दिसायचं न्हाई न्हवं? दिसलं तर माजी वांगी वाळली म्हणून समज."

केरबा म्हणाला, "आत्या, ते यंत्र मीच करतोय."

झालं. बिचारीला वाटलं, मग काळजी नाही.

आता यंत्राच्या पोटात काय असतं ते सांगतो, दोन मिनिटांत होईल. आत मेमरी असते. मेमरी म्हणजे खोल्या, हजारो खोल्या. काही खोल्यांत मतदारांची नावं, काहींत मतं, एकीत घड्याळ, एकीत घंटा. कर्नेल हा त्या सगळ्यांवरचा कारभारी. हार्डवेअरनं त्याला सोळा किल्ल्या दिलेल्या असतात, शून्यापासून पंधरापर्यंत. प्रत्येक खोलीच्या दारावर कुठल्या तरी किल्लीचा नंबर. आणि आत राबणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या हातात एक चिठ्ठी, की बाबा तुला अमुक नंबर उघडे, तमुक बंद. दारावरचा नंबर चिठ्ठीत उघडा असेल तर आत जा, नसेल तर बाहेर बस. संपलं. शाळेतल्या पोराला कळेल. केरबाला डिग्री होती.

उमाबाईंनी त्याला किल्ल्या वाटायचं काम दिलं आणि बजावलं, "किल्ल्या सोळाच आहेत. ज्याचं काम झालं त्याची किल्ली लगेच परत घे आणि दुसऱ्याला दे."

का, कसं, हे बाईंनी सांगितलं नाही. कामाच्या धबडग्यात 'का' सांगायला वेळ कुणाला असतो? आणि केरबानं विचारलंही नाही. त्यानं वहीत लिहिलं, रेघ मारली. "आलं ध्यानात."

नावांची यादी भरून झाली. केरबानं तिची पाच नंबरची किल्ली परत घेतली आणि लगेच घंटेला दिली. नावांच्या खोल्यांच्या दारांवर मात्र पाच नंबर तसाच राहिला. घंटेच्या चिठ्ठीत पाच उघडा. घंटा गेली थेट नावांच्या खोलीत आणि आपलं काम करू लागली. संध्याकाळी उमाबाईंनी यादी छापली. पहिलं नाव: टण टण पाटील. दुसरं: टण टण टण माने. तिसरं फक्त टण.

उमाबाई म्हणाल्या, "अरे, किल्ली परत घेण्याआधी दारांवरचा नंबर पुसायचा असतो. आधी सगळे नंबर पूस, मग बाकीचं."

केरबानं लिहिलं, रेघ मारली. "आलं ध्यानात."

दुसऱ्या दिवशी मत नोंदवायची चाचणी होती. मत आलं की मतांच्या खोलीचं दार पापणी लवायच्या आत उघडायचं, मत लिहायचं, दार बंद करायचं. उमाबाईंनी सांगितलं, "मत लिहून झालं की दार बंद कर."

केरबाला कालचं आठवलं. आधी सगळे नंबर पूस, मग बाकीचं. एका मतासाठी त्यानं हजार दारांवरचे नंबर पुसले, मग हजार दारांवर ते पुन्हा लिहिले. पुढच्या मताला पुन्हा हजार. उमाबाईंनी बटण दाबलं, चहा मागवला, चहा आला, चहा निवला, तरी दिवा लागेना. या चालीनं आंबेडोहचं मतदान पुढच्या निवडणुकीपर्यंत चाललं असतं.

उमाबाईंनी कपाळाला हात लावला. "दारांना हात लावू नकोस रे बाबा. दार लोटायचं तर प्रोग्रामच्या हातातली चिठ्ठी बदल. चुटकीसरशी होतं."

केरबानं लिहिलं, रेघ मारली. "आलं ध्यानात."

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "आता मतांच्या खोल्यांना वेगळी किल्ली लाव. नऊ नंबर. घड्याळ, घंटा, पडदा, कुणीसुद्धा आत जाता कामा नये."

केरबानं वही उघडली. दारांना हात लावू नकोस. बरं. त्यानं घड्याळाच्या चिठ्ठीत लिहिलं, नऊ बंद. घंटेच्या चिठ्ठीत लिहिलं, नऊ बंद. पडद्याच्या चिठ्ठीत, नऊ बंद. अक्षर सुंदर होतं. फक्त अख्ख्या यंत्रात नऊ नंबरचं दार एकही नव्हतं. चाचणीचा निकाल लागला तेव्हा घड्याळ मतांच्या खोलीत पाय पसरून बसलं होतं. तात्यासाहेब: सव्वाअकरा मतं. गुरुजी: बारा वाजून पाच.

उमाबाई मटकन खुर्चीत बसल्या. आठ दिवस उरले होते. तालुक्यात त्यांचं नाव या एका यंत्रावर टांगलेलं होतं. हे फसलं तर त्यांना दारात कोण उभं करणार? त्यांनी राग गिळला आणि म्हणाल्या, "दारालाही नंबर लाव आणि चिठ्ठीतही बंद कर. दोन्ही कर. आणि बंद करायचं झालं की अर्धवट करू नकोस. सगळ्यांचे सगळे नंबर बंद कर, मग लागेल तेवढंच उघड."

"आलं ध्यानात."

त्यानं सगळ्यांचे सगळे नंबर बंद केले. पंधरा बंद केला, चौदा बंद केला, करत करत शून्यही बंद केला. आता शून्य नंबर म्हणजे गावचा पार. कुणीही यावं, कुणीही टेकावं. कर्नेलची स्वतःची वळकटीसुद्धा तिथेच पडलेली असते. शून्य बंद झाला तसा कर्नेल स्वतःच बाहेर अडकला. पडदा काळाठिक्कर. दोन दिवस यंत्र डोळा उघडेना. उमाबाईंनी सगळं पुन्हा पहिल्यापासून भरलं. तोवर केरबा शेजारी वही घेऊन तयारच उभा होता.

"हे लिही," उमाबाई दातओठ खात म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात लिही. शून्य नंबरला कधी, कधी, कधी हात लावायचा नाही."

केरबानं तीन वेळा 'कधी' लिहिलं. दोन रेघा मारल्या. "आलं ध्यानात."

शून्याला हात का लावायचा नाही, हे बाईंनी याही वेळी सांगितलं नाही. शहाणी माणसं अशी असतात. मूर्खाला नियम देतात आणि अक्कल स्वतःजवळ ठेवतात. मग मूर्ख नियमाचं काय करतो ते बघत बसतात.

मतदानाच्या आदल्या दिवशी केरबा किल्ल्या वाटायला बसला. घड्याळाला एक, घंटेला दोन, दिव्याला तीन, बटणांना चार, नावांना पाच, बेरजेला सहा, संस्थेच्या बोधचिन्हाला सात, उमाबाईंच्या कारखान्याच्या पत्त्याला आठ. वाटता वाटता पंधरा किल्ल्या संपल्या. राहिली कोण? मतं. कुणी कुणाला मत दिलं ती यादी. ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं चाललं होतं, नेमकी तीच राहिली. नऊ नंबर? तो त्यानं निकालाच्या वेळी वाजायच्या सनईला देऊन टाकला होता.

केरबा घाबरला नाही. वही काढली. शून्य नंबरला कधी, कधी, कधी हात लावायचा नाही.

त्यानं पहिल्यांदाच स्वतःचं डोकं चालवलं. ज्याला कुणी कधीच हात लावायचा नाही, ती जागा सगळ्यात सुरक्षित. त्यानं मतांची सगळी दारं शून्य नंबरखाली लावली आणि समाधानानं घरी जाऊन जेवला.

आत्यानं ताटात भाकरी वाढली आणि पुन्हा विचारलं, "दिसायचं न्हाई न्हवं?"

"आत्या, कुणी हात लावायचा नाही असल्या जागी ठेवलंय. तू सगळ्यात आधी मत दे. गावाला धीर येईल."

सकाळी शाळेच्या पटांगणात यंत्र आलं. पडदा चांगला दारभर उंच. हौसाबाई सगळ्यात पुढे. तात्यासाहेबांकडे न बघता ती आत गेली, गुरुजींचं बटण दाबलं आणि बाहेर येऊन चप्पल शोधू लागली. तिच्या मागून एकशेबारा मतदारांनी मतं दिली. आत जाताना सगळ्यांनी तात्यासाहेबांना वाकून रामराम केला. बाहेर येताना बऱ्याच जणांच्या मिशीत हसू होतं. गुरुजींनी ते हसू मोजलं आणि खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला.

दुपारी निकाल. गाव पडद्यासमोर बसलं. उमाबाईंनी कळ दाबली. सनई वाजली. बोधचिन्ह आलं, तारीख-वेळ आली, कारखान्याचा पत्ता आला. पडद्याचा प्रोग्राम प्रामाणिक गडी. जेवढ्या खोल्या उघड्या दिसतील तेवढ्यांतलं सगळं दाखवायचं, हे त्याचं काम. बेरीज दाखवायच्या आधी त्याला पारावर, म्हणजे शून्य नंबरात, एक यादी सापडली. ती त्यानं पहिल्या नावापासून दाखवायला घेतली.

हौसाबाई. मत: सबनीस गुरुजी.

दर पाच सेकंदांनी पुढचं नाव येणार होतं. मागच्या रांगेतले चौघे उठून उभे राहिले. तात्यासाहेबांचा सख्खा पुतण्या चप्पल हातात घेऊन कुंपणाकडे सरकला.

"केरबा, बंद कर," उमाबाई म्हणाल्या. "सगळं बंद कर, आत्ताच्या आत्ता."

सगळं बंद कर. हे तर वहीत होतं. अर्धवट करायचं नाही, सगळ्यांचे सगळे नंबर बंद. केरबाची बोटं भराभर चालली. पंधरा बंद, चौदा बंद, तेरा बंद. एकपर्यंत आला आणि थांबला. पुढे शून्य होता. केरबानं हात मागे घेतला.

सनई थांबली. बोधचिन्ह गेलं. कारखान्याचा पत्ता गेला. बेरीज बंद. बटणं बंद, म्हणजे आता यंत्राला काही सांगायची सोयही राहिली नाही. घड्याळ बंद, म्हणजे पाच सेकंद पुरे होईनात आणि पुढचं नाव येईना. एवढ्या मोठ्या पडद्यावर एकच ओळ उरली, आणि जागा मोकळी झाली म्हणून ती मोठ्या अक्षरांत आली.

हौसाबाई. मत: सबनीस गुरुजी.

उमाबाईंनी वायर उपटली. लाइट गेली तरी मतदान थांबू नये म्हणून त्यांनीच आत सहा तासांची बॅटरी बसवली होती. त्या पडद्यासमोर पदर पसरून उभ्या राहिल्या. नाव वर होतं, पदर खाली पुरला.

"केरबा, ती ओळ का घालवत नाहीस?"

"ती शून्यात आहे, बाई," केरबा म्हणाला. "शून्याला हात लावायचा नाही." आणि त्यानं पान उघडून दाखवलं.

तात्यासाहेबांनी चष्मा लावला. ओळ सावकाश वाचली, पहिलीतल्या मुलानं वाचावी तशी. मग कॅनॉलचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडे वळले. "हौसाबाईंची पाळी कधी असती?"

"मंगळवारी, तात्या."

"असू दे," तात्यासाहेब म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले. "यंत्र काय आपल्याला लाभलं नाही मंडळी. बेरीज काय कळंना. आपली जुनी रीतच बरी. मी चेअरमन असावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

एकशेअकरा हात वर गेले. मिशीतलं हसू तोवर गिळून झालं होतं. पुतण्यानं तर दोन्ही हात वर केले, एकात चप्पल होती. सबनीस गुरुजींनी चष्मा घडी करून खिशात ठेवला. टाळ्या वाजल्या. कुणीतरी यंत्रासाठी आणलेला हार तात्यासाहेबांच्या गळ्यात घातला.

केरबा आत्याजवळ आला. "आत्या, बघ, बाकी कुणाचं मत दिसलं नाही."

हौसाबाईनं पडद्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. बत्तीस वर्षं वाढवलेलं होतं, टाकणार कुठं?

"वही हितंच ठेव," ती म्हणाली, "आन् घरातनं दोन घागरी घिऊन ये. उद्यापासनं हिरीवरनं वांग्यास्नी पाणी तू घालायचंस."

केरबानं आधी तेवढं लिहून घेतलं.