गोळ्यातल्या माश्या

त्या मुलखातल्या पोळ्यात मध मुबलक होता आणि पोळ्याच्या तोंडाला दार नव्हतं. दार कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं, पण दाराला मेण लागतं, आणि मेण राणीच्या नव्या महालाला हवं होतं. म्हणून ज्या साली डोंगरापलीकडून गांधीलमाश्या आल्या, त्या साली दाराच्या जागी मधमाश्याच उभ्या राहिल्या.

गांधीलमाशी म्हणजे काय प्रकरण असतं ते आधी ऐका. अंगाने दांडगी, जबडा कातरीसारखा. ती तोंडाशी यायची, समोरच्या माशीचं मुंडकं उडवायची, मग तिच्या मागचीचं, आणि वाट मोकळी झाली की आत बाळघराकडे वळायची. मधमाशीची नांगी तिच्या कातड्यात शिरत नाही. तिला मारायचा उपाय एकच. सगळ्यांनी तिच्यावर तुटून पडायचं, तिला मध्ये घेऊन अंगाला अंग लावून गच्च गोळा करायचा आणि थरथरत राहायचं. गोळा तापत जातो आणि मधली गांधीलमाशी भाजून मरते. मधमाशीलाही ती आच सोसतेच असं नाही. दोघींच्या मरणात फार थोडं अंतर असतं. म्हणून नियम होता, की एकदा झालेला गोळा आतलीचा जीव जाईपर्यंत सुटायचा नाही. आतून आपलीच कुणी कितीही ओरडली तरी नाही.

रुंजी ही बाळघरातली माशी. बाळांना भरवायचं, त्यांचं अंग पुसायचं, हे तिचं काम, आणि त्यात तिचा जीव रमायचा. दारातल्या माश्या संपत आल्या तेव्हा राणीभोवती वावरणाऱ्या मानकरणी बाळघरात आल्या. "तुमच्यातल्या काही जणी द्या. चार दिवसांचा तर प्रश्न आहे," म्हणाल्या. रुंजी निघाली, तिची जिवाभावाची सोबतीण सोनकीही निघाली. जाताना रुंजीने बाळांना सांगितलं, "आलेच हं."

पहिल्या गोळ्यात ती अगदी आत सापडली. वर थरांवर थर चढले, श्वास कोंडला, अंगाची काहिली झाली. मधोमध जबडा चालूच होता. कुणाचा पाय तुटत होता, कुणाचा पंख. मग ते दांडगं अंग सैल पडलं, गोळा सुटला, आणि रुंजी जमिनीवर हवेसाठी तडफडत राहिली. पोळ्यातून जयजयकार झाला. बरं वाटलं तिला, खोटं कशाला बोला!

मग दुसरा गोळा झाला, तिसरा झाला, आणि पुढचे कुणी मोजलेच नाहीत. एकदा तापलेलं अंग पुन्हा चटकन तापतं, हे मानकरणींच्या ध्यानात आलं. झालं! ज्या आत जाऊन आल्या त्यांनाच परत आत पाठवायचं ठरलं. नव्यांना कोण शिकवत बसणार?

दोन गांधीलमाश्या एकदम आल्या त्या दिवशी सोनकी रुंजीला खेटून होती. दोघींभोवती मिळून एकच गोळा झाला, आणि एकीच्या जबड्याने सोनकीला कमरेत धरलं. "रुंजे, सोड गं! जरा सैल हो, मी निसटते," सोनकी म्हणाली. रुंजी सैल झाली असती तर सोनकी सुटली असती, आणि तिच्या मागोमाग ती दुसरी गांधीलमाशीही, थेट बाळघरात. रुंजीने पकड आवळली. सोनकी मग नुसती ओरडत राहिली, आणि तिचे दोन तुकडे होईपर्यंत रुंजी तिच्यावर अंग दाबून थरथरत राहिली. गोळा सुटला तेव्हा तिचा अर्धा देह रुंजीच्या पायांत तसाच होता. वरून मानकरणी ओरडल्या, "शाब्बास!"

तेव्हापासून रुंजीचं अंग निवेना. ती थोरल्या मानकरणीकडे गेली. "बाई, मला बाळघरात परत घ्या. डोळा लागला की सोनकी ओरडते. आतली आच जातच नाही हो."

थोरली मनाने वाईट नव्हती. तिचे डोळे भरून आले. "अगं, पोळ्याची वाघीण तू! तूच अशी रडलीस तर बाकीच्यांनी काय करायचं?" असं म्हणून तिने रुंजीच्या कपाळाला परागाचा टिळा लावला. टिळ्याने आच निवते, डोंबल! रोज संध्याकाळी सारं पोळं दाराकडे तोंड करून गोळ्यातल्या माश्यांच्या मानासाठी पंख फडफडवायचं. त्यातल्याच कितीतरी जणी वाटेत रुंजी दिसली की अंग चोरून भिंतीला लागायच्या. तिला गांधीलमाशीचा वास येतो म्हणायच्या.

एका सकाळी गोळ्यातली एक जुनी माशी कुणाला न सांगता एकटीच उडाली आणि गांधीलमाशीच्या पुढ्यात जाऊन बसली. ती लढताना गेली, असं मानकरणींनी जाहीर केलं. त्या संध्याकाळी पंख जास्त वेळ फडफडले.

शेवटी थंडी पडली आणि गांधीलमाश्या यायच्या थांबल्या. "जा बाई, तुझं बाळघर तुला मोकळं," थोरली म्हणाली. रुंजी धावतच आत गेली. तिने निरोप घेतलेली बाळं केव्हाच मोठी झाली होती. काही तर गोळ्यात तिच्या शेजारीच मेली होती. आता घरांत नवी बाळं होती. एकाने तिची चाहूल लागताच तोंड उघडलं. रुंजीला भडभडून आलं. ती वाकली, घास पुढे केला, आणि तिचं अंग थरथरायला लागलं.

तिने आवरायचा प्रयत्न केला, पण थरथर वाढतच गेली. पाय आपोआप बाळाच्या घराभोवती आवळले. मेण मऊ पडलं, भिंत ओघळली, बाळ वळवळू लागलं. "अगं, भाजतंय त्याला! सोड!" बाळघरातल्या माश्या किंचाळल्या. त्या शब्दासरशी रुंजीने पकड आणखी घट्ट केली. सगळ्या जणींनी मिळून ओढलं तेव्हा कुठे ती सुटली. कुणी तिला बोल लावला नाही. बाळाच्या अंगावर काळा डाग उमटला होता आणि त्याने तोंड मिटून घेतलं होतं.

रुंजी उलट्या पावली दारात आली. बाहेर कुणी शत्रू नव्हता, नुसता गार वारा होता. गोळ्यातल्या उरलेल्या माश्या तिच्या आधीच तिथे येऊन पोचल्या होत्या. अंगाला अंग लावून, गच्च, थरथरत त्या लोंबकळत होत्या, आणि त्यांच्या मधोमध कुणीच नव्हतं. रुंजी जवळ गेली. काही न विचारता त्यांनी जरा सरकून तिला जागा करून दिली.