बैठकीआडचा खांब

पाथरवळच्या देवळाच्या या मंडपात पाऊल टाकलं की आधी हा मधला खांब आडवा येतो. बाकीच्या सोळा खांबांवर वेली आहेत, हंस आहेत, घंटा आहेत. याच्यावर वर एक टिंब, त्या टिंबातून निघालेली एक रेघ, आणि ती अर्ध्यावर थांबलेली. फोटो काढायला येणारे म्हणतात, हा मध्येच कशाला, काढून टाका. असं म्हणणारा पहिला माणूस वेगळाच होता. त्याची गोष्ट सांगतो.

हा मंडप हैबतराव देशमुखाने बांधायला घेतला, असं सांगतात. काम सोनबा पाथरवटाकडे होतं. धाकटा भाऊ इठू त्याच्या हाताखाली शिकत होता. सोनबा दगडावर छिन्नीचा एक ठोका मारायचा आणि म्हणायचा, "हे टिंब. टिंब चालायला लागलं की रेघ होते. रेघ आडवी सरकली की पाट होतो. पाटाला पाट भिडवले की मध्ये पोकळी राहते. आपण बांधतो ते त्या पोकळीसाठी. माणूस तिथं बसतो." इठूचं शिक्षण रेघेपर्यंतच आलं होतं. त्याची रेघ वाकडी जायची. "पाट उद्या," सोनबा रोज म्हणायचा.

देशमुखाची बैठक ती तिथे, मागच्या भिंतीला. एक दिवस तो तिच्यावर बसला आणि मधल्या खांबाच्या जागेकडे बोट करून म्हणाला, "इथं खांब नको. गाभाऱ्यातून देवाला मी सरळ दिसलो पाहिजे."

"सरकार, छताची एवढी लांब शिळा मधल्या आधाराशिवाय राहायची नाही."

"लाकूड वाकतं तशी वाकेल थोडी."

"दगड वाकत नाही, सरकार. तुटतो."

"मग न तुटणारा आण!"

लोक हसले म्हणे. त्या हसणाऱ्यांची मला अजून चीड येते.

शिळा लाकडी टेकूंवर चढली. टेकू काढायच्या दिवशी सोनबाने सगळ्यांना बाहेर घालवलं, इठूलाही, आणि एकटा आत गेला. तिसरा टेकू काढला आणि शिळा मधोमध तुटली. सोनबा तिच्याखालीच राहिला. देशमुख बाहेर चिंचेच्या सावलीत पान खात होता. म्हणाला, "दगड पारखायला चुकला तुझा भाऊ."

इठू त्याच्या अंगावर धावला. चौघांनी धरला, तेव्हा ओरडला, "टेकू काढताना याच छताखाली उभा राहशील तू. तोवर तुझ्या मुलखात पाथरवटाची छिन्नी वाजणार नाही!"

आणि वाजली नाही. जात्यांना टाकी लावायला कोणी येईना. जात्यांचे दगड झिजून गुळगुळीत झाले, पिठाऐवजी भरड पडू लागली. सहा महिन्यांनी देशमुखाच्या आईने ताट सरकवलं. "हैबती, तोंडात दात नाहीत माझ्या. तुझ्या मानापायी कण्या गिळतेय मी. जा, उभा राहा त्या पोराच्या छताखाली."

देशमुखाचा निरोप आला. इठूने तुटलेल्या शिळेचा एक तुकडा, छिन्नी न लावता, भाऊ पडला तिथेच उभा केला. वर दोन आखूड शिळा टेकूंवर चढवल्या. मग देशमुख आत उभा राहिला आणि इठू एकेक टेकू पाडू लागला. टेकू पाडायचा आणि थांबायचा. देशमुखाचा घाम जमिनीवर टपटपत होता, असं सांगतात. शेवटचा टेकू पडला. खांबाने भार घेतला. देशमुख मान खाली घालून गेला, तो त्या बैठकीवर पुन्हा बसला नाही.

त्यानंतर इठूने छिन्नी उचलली. भावाने शिकवलं होतं तेवढंच कोरलं. टिंब, मग रेघ. रेघ सरळ येत होती. दाखवायला कोणी नव्हतं. अर्ध्यावर सोडली.

तेव्हापासून आमच्याकडे छताचे आधार काढताना मालक आत उभा राहतो. घाई कोणी करत नाही. शहरात ही रीत नाही. माझा दादा, केरबा, गेल्या आषाढात तिथे स्लॅबखाली गेला. आधार लवकर काढा म्हणणारा गाडीत काच वर करून बसला होता.

आजही ती बैठक रिकामी आहे. बसायचं तर बसा, देव दिसणार नाही. आणि खांब काढा असं पुन्हा म्हणायचं असेल, तर त्याच्या शेजारी, या शिळांच्या खाली उभं राहून म्हणा.