आठशे रुपयांत मावेल तेवढं

एका गावात एक भोळा केरबा होता. ‘भोळा’ हा त्याच्या काकूचा शब्द. गाव दुसरा शब्द वापरायचं, पण तो इथे लिहायची गरज नाही.

केरबाचं वय चौतीस. काकूचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं आणि केरबा दुकानातली भांडी घासायचा. चिंच, राख आणि मीठ घेऊन बसला की काळाठिक्कर हंडा असा लखलखवायचा, की गिऱ्हाइकानं त्यात तोंड बघावं. त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाकी कामात त्याचा हात धरूनच ठेवावा लागे.

दुकान मात्र बसत चाललं होतं. समोर स्टीलवाल्याचं चकचकीत दुकान झालं होतं आणि तो काकूला रोज विचारायचा, “वहिनी, जागा कधी विकताय?” काका गेल्यापासून काकूनं दुकान एकटीनं ओढलं होतं. ते विकायचं म्हटलं की तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

अशात हायवेवरच्या नव्या हॉटेलचे मालक संपतराव जाचक आले. त्यांनी चोवीस तांब्याच्या तपेल्या सांगितल्या. शुक्रवारी सगळ्या हव्यात म्हणाले. “पैसे मात्र कार्डानं देणार. मशीन नसेल तर राहू दे.”

काकूनं केरबाला समोर बसवलं. “केरबा, ही मागणी पार पडली तर दुकान वाचलं. न्हाई तर गेलं. तालुक्याला जा आन् कार्डाचं मशीन ठरवून ये. एवढं नीट केलंस तर काकांच्या गादीवर तुला बसवीन.”

केरबानं गादीकडे पाहिलं. तिच्यावर बसायचं स्वप्न त्याला लहानपणापासून पडत होतं. “ठरवून येतो, काकू.”

तालुक्याला पहिल्या कंपनीचा माणूस भेटला. “मशीन फुकट,” तो म्हणाला. “फक्त दर बिलामागं दोन टक्के कापतो.”

“कात्री कुठाय?” केरबानं विचारलं.

माणूस हसला. त्याला वाटलं, गिऱ्हाईक विनोदी आहे. केरबा कागद घेऊन घरी आला.

काकूनं कागद वाचला आणि कपाळावर हात मारला. “आरं, तपेल्या आपण ठोकायच्या आन् ह्यो आयता बसून कापणार? जो कापतो म्हणंल, त्याच्या म्होरं बसायचंच न्हाई. ‘कापतो’ ऐकलं की उठायचं. मागं बघायचं न्हाई.”

“बरं काकू. आता असंच करतो.”

दुसऱ्या दिवशी काकू म्हणाली, “जाताना जरा माणसासारखा दिस.” म्हणून तालुक्याला उतरल्यावर केरबा आधी केशकर्तनालयात गेला. न्हाव्यानं उजवी बाजू छान केली. मग खुर्ची फिरवली आणि म्हणाला, “आता डावीकडचं कापतो.”

केरबा उठला. गळ्यात पांढरं कापड तसंच, उजवीकडे साहेब आणि डावीकडे झुडूप. मागे न बघता तो थेट दुसऱ्या कंपनीत गेला. दारातल्या शिपायानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “काय काम?”

“तुमी कापता काय?”

“सलून खालच्या मजल्यावर,” शिपाई म्हणाला आणि दार लावून घेतलं.

काकूनं डोकं बघितलं. मग म्हणाली, “काम पुरतं झाल्याबिगर खुर्चीतनं उठायचं न्हाई. काय?”

“व्हय काकू. आता असंच करतो.”

तिसऱ्या दिवशी त्यानं डावी बाजू पुरी करून घेतली आणि पुन्हा त्याच कंपनीत गेला. या वेळी आत दिघे मॅडम भेटल्या. “आम्ही टक्केवारी कापत नाही,” त्या म्हणाल्या. “बँकेचं बँकेला जातं. आमचे महिन्याचे ठरलेले आठशे. महिना भरला की आम्ही पैसे घेणार.”

“म्हंजे काम महिन्यानं पुरं हुणार?”

“हो, तसंच म्हणा.”

केरबानं चपला काढल्या आणि खुर्चीत मांडी घालून बसला. दुपारी तिथेच भाकरीचं फडकं सोडलं. मॅडमनाही चटणी दिली. साडेपाचला मॅडमनी विचारलं, “आपण जाणार कधी?”

“पुढच्या महिन्यात,” केरबा म्हणाला.

मॅडमनी काकूला फोन केला आणि काकू संध्याकाळच्या एसटीनं आली. तिनं सगळं समजून घेतलं, दोनदा विचारलं, आणि स्वतःच सही केली. परत येताना ती एवढी खूश होती, की केरबाला रागवायचंही विसरली.

“बघ केरबा,” ती म्हणाली, “ह्याला धंदा म्हणत्यात. दर खेपेला कापाकापी न्हाई, घासाघीस न्हाई. म्हयन्याचं ठरलेलं आठशे द्यायचं. मग एकदा वापर न्हाई तर हजारदा वापर, पैसे तेवढंच. धंदा करावा तर असा.”

केरबानं टॉवेलाला गाठ मारली. “लक्षात ठेवतो, काकू.”

मशीन आलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शाळेच्या बाई. त्यांनी एक कळशी घेतली आणि कार्ड पुढे केलं. काकू आत पोळी लाटत होती. तिथूनच ओरडली, “केरबा, बाईंचं कार्ड घास!”

आता हे तर त्याचं हातखंडा काम. त्यानं चिंच घेतली, राख घेतली, मीठ घेतलं. बाई कळशीला कुठे पोचा आहे का बघत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा कार्डावरचा आकडा गेला होता, नाव गेलं होतं, बँकही गेली होती. उरली होती पांढरी स्वच्छ पट्टी.

“अजून थोडं घासलं तर तोंड दिसंल,” केरबा म्हणाला.

काकूनं बाईंना कळशी फुकट दिली आणि हात जोडले. मग केरबाला म्हणाली, “आरं देवा! कार्ड घासायचं म्हंजे मशीनमधी घालायचं. घास म्हटलं की मशीनमधी घाल.”

“आता असंच करतो.”

दुपारी काकू जेवून आडवी होताना म्हणाली, “ती कढई घासून ठेव.” तासाभरानं उठून बघते तर केरबा घामाघूम. एका हातात कढई, एका हातात मशीन.

“कान सुदिक आत जात न्हाई, काकू. आपल्याला बारकं मशीन दिलंय.”

काकूनं मशीन काढून घेतलं, पदरानं पुसलं आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, “कार्ड मशीनमधी. भांडं राखंनं.” हे मात्र केरबाला पक्कं कळलं. ते त्याला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

शुक्रवार उजाडला. वीस तपेल्या दुकानात तयार होत्या. चार कल्हईवाल्याकडे अडकल्या होत्या आणि त्या आणायला काकूलाच जाणं भाग होतं. जाताना तिनं केरबाच्या हातात बिलाची चिठ्ठी दिली. छ्याण्णव हजार. “संपतराव आलं तर बसव, चहा दे. शिकवलंय तसं कर. आन् बस आज गादीवर.”

केरबा गादीवर बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दुकान दुसऱ्या बाजूनं दिसलं.

अकराला संपतराव टेम्पो घेऊन आले. चहा पिऊन त्यांनी चिठ्ठी बघितली आणि गिऱ्हाइकाच्या रिवाजाप्रमाणे म्हणाले, “छ्याण्णव जास्त होतंय. वरचे सहा कापतो, नव्वद देतो.”

केरबा चटकन अर्धा उठला. ‘कापतो’ ऐकलं की उठायचं. मग अर्धाच थांबला. काम पुरतं झाल्याबिगर उठायचं न्हाई. तसाच गुडघे वाकवून तो बराच वेळ उभा राहिला.

“कंबर धरली काय?” संपतरावांनी विचारलं.

तेवढ्यात केरबाची नजर टॉवेलाच्या गाठीवर गेली. त्याचा चेहरा उजळला. तो पुन्हा ऐसपैस बसला.

“मालक, तुमी कापू नका. आमी बी कापत न्हाई. कापाकापी न्हाई, घासाघीस न्हाई. म्हयन्याचं ठरलेलं आठशे द्या.”

“आठशे? आणि तपेल्या?”

“एक न्या न्हाई तर हजार न्या. पैसे तेवढंच.”

संपतरावांनी कप खाली ठेवला. ते भले गृहस्थ होते, म्हणून त्यांनी एकदा विचारलं, “काकूंना विचारलंस का?”

“काकूच म्हणाली. धंदा करावा तर असा.”

संपतराव व्यवहारीही होते, म्हणून दुसऱ्यांदा विचारलं नाही.

केरबानं कार्ड घेतलं. त्याला चिंच लावली नाही, राख लावली नाही. हळूच मशीनमध्ये घातलं. मशीन गोड वाजलं आणि चिठ्ठी बाहेर आली. आठशे रुपये. पैसाही कापला नव्हता. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आजवर त्याचं एकही काम इतकं बिनचूक झालं नव्हतं.

दुपारी काकू चार तपेल्या डोक्यावर घेऊन आली. दारातच थांबली. फळ्या रिकाम्या. खुंट्या रिकाम्या. काकांच्या हातची जुनी घंगाळांची उतरंड होती, तिथे नुसते गोल डाग. गादीवर तेवढा केरबा होता.

“गेलं सगळं?” काकूनं डोक्यावरच्या तपेल्या सावरत विचारलं. “छ्याण्णव आलं?”

“कार्ड मशीनमधी घातलं. कुणाला कापू दिलं न्हाई. काम पुरं हुईस्तोवर उठलो बी न्हाई. आन् तू सांगितलंस तसं म्हयन्याचं आठशे ठरवलं.”

काकू मटकन खाली बसली. डोक्यावरच्या तपेल्या गडगडत रस्त्यावर गेल्या. समोरचा स्टीलवाला दुकानाबाहेर येऊन उभा राहिला.

“ते गादी बी मागत हुते,” केरबा म्हणाला. “पर ही तू मला दिलीस, म्हणून म्यां दिली न्हाई. तुझा आंघोळीचा बंब तेवढा टेम्पोत मावला न्हाई.”

काकूनं मान वर केली. बंब तरी उरला होता.

“काळजी करू नगंस,” केरबा म्हणाला. “पुढच्या म्हयन्यात मोठी गाडी आणणार हाईत.”