परसूचा भोंगा आणि बाईंची ठकी

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात भाड्याची गाडी एकच, आणि ती परसू शेलाराची. गाडी जुनी होती, पण भोंगा नवा होता. परसूने तो मुद्दाम शहरातून आणून बसवला होता. तो एकदा वाजला की म्हशी रस्ता सोडत, कोंबड्या कुंपणावर चढत आणि झोळीतली पोरं रडत उठत. परसूला त्याचा फार अभिमान. "रस्ता मागून कोण देतं?" तो म्हणायचा. "वाजवून घ्यायचा!"

असं बोलणाऱ्यांना जगात रस्ता मिळतोही. म्हणून त्यांना वाटतं, आपलंच बरोबर आहे.

परसू मात्र एका जागेला भीत असे. घाटमाथ्यावरची खिंड. तिथे वाटजाईचं ठाणं होतं. येणारा-जाणारा प्रत्येक गाडीवाला भोंगा वाजवून देवीला वर्दी देई आणि मगच पुढे जाई. परसूचा बाप एकदा वर्दी द्यायला विसरला आणि त्याच दिवशी उतारावर त्याचे ब्रेक गेले. ते ब्रेक कित्येक दिवस बदलायचे राहिले होते, पण घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. बाप वाचला, आणि पुढे म्हातारपणी जाताना पोराला एकच सांगून गेला : आईला भोंगा दिल्याशिवाय चाक पुढे न्यायचं नाही.

त्याच गावात इंदूबाई परचुरे राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या. परसूला त्यांनीच अक्षरं शिकवली होती. आता त्यांना दिसेनासं होत चाललं होतं, म्हणून घाटापलीकडच्या शहरात भाचीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. सामान पुढे गेलं. मागे राहिल्या बाई आणि ठकी.

ठकी ही बाईंची मांजर. रंगाने राखी, स्वभावाने भित्री. ताटलीवर चमचा पडला तरी माळ्यावर जायची. पिल्लू असताना तिला कुणीतरी पोत्यात घालून, गाडीत टाकून आणलं आणि शाळेमागे सोडून दिलं. असे शूर लोक गावोगाव असतात. तेव्हापासून इंजिनाची घरघर ऐकली की ठकीचं अंग थरथरायचं.

महिन्यापूर्वी शेजारच्या गावचा एक गाडीवाला दोघींना न्यायला आला होता. त्याने वेशीवरच भोंगा वाजवला. ठकी खिडकीतून उडाली आणि भातखाचरांत नाहीशी झाली. बाई दोन दिवस बांधाबांधाने वाटी वाजवत फिरल्या, तेव्हा ती सापडली. ते निदान गावचं शिवार होतं. घाटात असं झालं, तर एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला रान. तिथून मांजर परत मिळायची नाही.

बाईंनी भाचीला निरोप धाडला होता, "ठकी आली तर मी येईन."

लोक हसले. एका मांजरीपायी म्हातारी आंधळी होऊन इथेच बसणार म्हणाले. परसूही हसला. पण गाडी घेऊन दारात तोच आला.

बाई मागच्या सीटवर बसल्या. मांडीवर वेताची करंडी, तिच्यावर झाकण, झाकणाला सुतळी. आतून असा सूर निघत होता, की जणू कुणी लहान मूल विहिरीच्या तळातून हाका मारतंय.

"बाई, ही घाटमाथ्यापर्यंत अशीच गाणार का?"

"तू नीट चालवलीस तर थांबेल."

"मी नीटच चालवतो. अख्खा तालुका सांगेल."

"अख्ख्या तालुक्याला तू ऐकू येतोस, परसू. ते वेगळं."

बाजारपेठेत एक म्हैस आडवी उभी होती. परसूचा अंगठा सवयीने गेला आणि भोंगा वाजला. म्हैस हलली. करंडीत मात्र हलकल्लोळ झाला. सुतळी तुटली, झाकण उडालं. ठकी बाईंच्या खांद्यावर चढली, तिथून परसूच्या पाठीवर, तिथून काचेवर. परसूने गाडी थांबवली, एका हाताने खिडकी वर केली आणि दुसऱ्या हाताने तिला धरलं. तिने त्याच्या मनगटावर नखांच्या तांबड्या रेघा ओढल्या. तिचं तोंड उघडं होतं, जीभ बाहेर आली होती, कुत्र्यासारखी धापा टाकत होती. तिचं काळीज त्याच्या तळहातात धडधडत होतं. एवढ्याशा जिवात एवढी भीती मावते कशी, असं परसूला वाटून गेलं.

"गाडी फिरव," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्या हरल्या होत्या. "माझ्या डोळ्यांसाठी हिचा जीव नाही घ्यायचा मला."

परसूने मनगटाकडे पाहिलं. मग आरशात बाईंकडे. वर्गात कधीही न हरलेल्या बाई करंडीचं मोडकं झाकण चाचपत होत्या.

"नाही फिरवत," तो म्हणाला. "भोंगा नाही वाजवणार आता."

"जमेल?"

"भोंग्याशिवाय गाडी! उद्या म्हणाल चाकाशिवाय चालव."

"शाळेत तुला बोलायचं असलं की काय करायला शिकवलं होतं?"

"हात वर."

"मग? हात शाबूत आहे ना?"

परसूने ठकीला पुन्हा करंडीत ठेवलं आणि आपला गळ्यातला पंचा ओला करून वर टाकला. बाईंनी पिशवीतली आपली जुनी साडी आत कोंबली. अंधार आणि ओळखीचा वास मिळाल्यावर ठकीचा सूर जरा खाली आला. गाडी पुन्हा निघाली.

आणि परसूची खरी पंचाईत सुरू झाली. शेळ्यांचा कळप आला, तर थांबावं लागलं. मोळीवाल्या बाया आल्या, तर खिडकीतून हात काढून म्हणावं लागलं, "मावशी, जरा बाजूला होता का?" एक मावशी इतकी चकित झाली की मोळीसकट वळून बघत राहिली. "परश्या, बरा आहेस ना रे?" तिने विचारलं. आंधळ्या वळणांवर त्याने भर दुपारी दिवे लावले आणि पायी चालल्यासारखी, आपल्या बाजूला चिकटून गाडी नेली. मागचे लोक कावले. एक मोटारसायकलवाला पुढे जाताना ओरडला, "वरात आहे का कुणाची?"

"हो," बाई आतून म्हणाल्या. "नवरी झोपलीये."

खरंच झोपली होती. ओरडणं थांबलं होतं, धाप थांबली होती. ओल्या पंच्याखालून एक राखी पंजा बाहेर आला होता आणि बाईंच्या बोटावर टेकला होता.

आणि समोर खिंड दिसू लागली.

परसूने वेग कमी केला. दूरवर पुढच्या गाड्या एकेक करून भोंगे देत जात होत्या. वाजवावं, तर ठकी उठणार, आणि या खेपेला बाई परत फिर म्हणणार. न वाजवावं, तर बापाचे ब्रेक आठवत होते. गाडीत बाई होत्या. पुढे उतार होता.

बाईंना दिसत नव्हतं, पण कळत होतं. त्या म्हणाल्या, "परसू, तुझी श्रद्धा आहे. मी नको म्हणणार नाही. मी हिला घट्ट धरते."

त्या असं म्हणाल्या म्हणूनच त्याला वाजववेना. त्याने खिंडीच्या अलीकडे, झाडाखाली गाडी उभी केली. काचा वर केल्या, बोटभर फट ठेवली. वहाणा काढल्या आणि देवळाच्या पायऱ्या चढू लागला.

मिसरूड फुटल्यापासून तो या खिंडीतून जात होता. देवीला त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

देऊळ म्हणजे चार भिंती आणि पत्रा. आत हातभर उंचीची, शेंदराने गुळगुळीत झालेली वाटजाई. कुणीतरी तिला रानटी अबोली वाहिली होती. दाराशी म्हातारा गुरव बसला होता. त्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते.

परसूने हात जोडले आणि हळूच सांगितलं, "आई, गाडीत मांजर झोपलंय. आज भोंगा देत नाही. राग मानू नको."

मग त्याने गुरवाला खुणेने विचारलं, कापूस कशाला? गुरवाने एक बोळा काढला.

"दिवसभर भोंगे, बाबा. काय करू?"

"आम्ही आपली आईला वर्दी देतो. तिच्या कानावर जावं म्हणून."

"तिला ऐकू येतं रे," गुरव म्हणाला. "मला यायचं बंद झालं."

तेवढ्यात खालून इंजिनाचा आवाज आला. बंडा मोरेचा टेम्पो चढण चढून येत होता. बंडाचा भोंगा परसूच्या भोंग्याच्या खालोखाल. परसू पायऱ्या सोडून उतारावरून घसरतच खाली आला आणि अनवाणी रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. एक हात वर.

टेम्पो कचकन थांबला. "काय झालं? कुणी गेलं का दरीत?"

"वाजवू नको, बंडा."

"का?"

"मांजर झोपलंय."

बंडाने गाडीकडे पाहिलं, परसूच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "अरे, तू? तूच सांगतोस? गेल्या दिवाळीत तुझ्या भोंग्याने माझी गाय सुटून पळाली होती!"

"हो. चुकलंच माझं." परसूचा हात अजून वरच होता. "हवं तर शिव्या दे. पण हळू आवाजात दे."

बंडाचं हसू थांबलं. परसूने कुणाला विनवलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. "आणि आईला वर्दी?"

"वर जाऊन सांग की. घरीच आहे ती."

बंडा पुटपुटत उतरला, वहाणा काढल्या आणि पायऱ्या चढू लागला. परसू हात वर करूनच गाडीपर्यंत आला. काचेला डोळा लावून त्याने आत पाहिलं. पंजा बाईंच्या बोटावर तसाच होता.

उतारावर परसूने जीव मुठीत धरून गाडी चालवली. ब्रेक लागत होते. दर वळणावर लागत होते. ते त्याने स्वतः वेळच्या वेळी बदलले होते, हे त्याला चौथ्या की पाचव्या वळणावर आठवलं.

भाचीच्या घरी बाईंनी करंडी खाली ठेवली. ठकीने डोकं बाहेर काढलं, नवी फरशी हुंगली, टेबलाचा पाय हुंगला. मग दारात उभ्या असलेल्या परसूकडे आली आणि त्याच्या ओरबाडलेल्या मनगटाला एकदा नाक लावून बाईंच्या पायांमागे जाऊन बसली.

"माफी मागितली का बाई हिने?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तू केव्हा मागणार, ते बघायला आली असेल."

परतीच्या वाटेवर गाडी रिकामी होती. झोपमोड होईल असं आत कुणी नव्हतं. खिंड आली. परसूचा अंगठा सवयीने भोंग्याकडे गेला, तिथे थोडा वेळ थांबला आणि माघारी आला. त्याने गाडी झाडाखाली घेतली, वहाणा काढल्या आणि पायऱ्या चढला. गुरव दाराशीच बसला होता. परसूने वाकून नमस्कार केला आणि त्याच्या शेजारी टेकला. दोघंही खालच्या दरीतला वारा ऐकत राहिले. गुरवाने कानांतले बोळे काढून मांडीवर ठेवले होते.

तात्पर्य : घाबरलेल्या जिवाला धीर द्यायचा असेल, तर आधी आपला आवाज खाली आणावा. आणि आपल्या गोंगाटाला जो भक्ती म्हणतो, त्याने एकदा तरी पायऱ्या चढून देवाचं तोंड पाहावं.