खुंटीच्या पलीकडचा घाट

पूर्वी केतकपुरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या पदरी रज्जुग्राहक होते. रज्जुग्राहक म्हणजे दोरी धरून जमीन मोजणारा आणि सीमा ठरवणारा अमात्य. वेणुमती नदीच्या काठी वसलेले ते नगर इतके संपन्न होते की तिथले उंदीरसुद्धा गहू निवडून खात.

नगराच्या वेशीवर एक शिळा होती. तिच्यावर कोरले होते : 'या राज्याच्या सीमेत ज्याचे पाऊल पडले, त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याला कोणाच्या स्वाधीन करू नये.' पाहुणा आला की राजा त्याला आधी ही शिळा दाखवी, मग जेवायला बसवी.

एके वर्षी ऐन उन्हाळ्यात नदीपलीकडून चाळीस कोष्टी होड्यांतून आले आणि घाटावर उतरले. पलीकडच्या राजाच्या भावाने भरबाजारात एका माणसाला ठार मारले होते. या कोष्ट्यांनी ते पाहिले होते, आणि विचारल्यावर खरे सांगितले होते. तेव्हापासून सैनिक त्यांच्या मागावर होते. सापडले असते तर एकही जिवंत राहिला नसता. मल्ली नावाची कोष्टीण सर्वांच्या वतीने बोलत होती. तिच्याबरोबर तिचे थकलेले वडील होते.

राजसभेत चर्चा झाली. सोमिल नावाचा मंत्री म्हणाला, "महाराज, आज चाळीस आलेत, उद्या चारशे येतील. पण त्यांना हाकलले तर शिळेचा अपमान होईल. त्यापेक्षा सीमाच अर्धा कोस आत घ्यावी. घाट राज्याबाहेर गेला की त्यांचे पाऊल सीमेत पडलेच नाही."

"आणि घाटावरचे आपले कोळी? आपले परीट?" राजाने विचारले.

"त्यांच्यासाठी सीमा पूर्वीच्याच जागी राहील. होडीतून आलेल्यांसाठी तेवढी आत."

सापही मरावा आणि काठीही तुटू नये, असा हा उपाय राजाला पसंत पडला. त्याने रज्जुग्राहकाला खुंट्या ठोकायला सांगितले.

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, वीस वर्षे मी ही जमीन मोजतो आहे. वर कोण उभा आहे हे पाहून ती कमीजास्त झालेली मी कधी पाहिली नाही. घाट राज्यात आहे. तो बाहेर आहे असे दाखवणे माझ्या हातून होणार नाही."

राजाने त्यांचे पद काढून घेतले. खुंट्या दुसऱ्याने ठोकल्या आणि रक्षकांनी कोष्ट्यांना त्यांच्या अलीकडे येऊ दिले नाही. लोक म्हणाले, भरल्या ताटावरून उठून गेला, काय म्हणावे या माणसाला! बोधिसत्त्वांनी घरातले होते तेवढे धान्य बैलगाडीत घातले, खुंटी ओलांडली आणि ते कोष्ट्यांपाशी जाऊन बसले.

घाटावर सावली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मल्लीच्या वडिलांचे डोळे मिटू लागले. त्यांनी विचारले, "पोचलो का गं?"

 मल्लीने बोधिसत्त्वांकडे पाहिले. "दादा, तुम्हीच सांगा. मला ठाऊक नाही."

बोधिसत्त्व म्हाताऱ्याच्या कानाशी वाकले. "पोचलात, बाबा. कालच पोचलात." थोड्या वेळाने म्हातारा वारला. त्याला खोटे सांगितले गेले नव्हते, एवढेच काय ते समाधान.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडचा सेनापती दोनशे सैनिक घेऊन घाटावर उतरला. बोधिसत्त्व कोष्ट्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले. वेशीवरच्या रक्षकांना मात्र हुकूम होता, त्याप्रमाणे ते म्हणाले, "खुंटीच्या पलीकडची जमीन आमची नाही. तिथे काय करायचे ते करा."

"तुमची नाही, तर मग कोणाची?" सेनापतीने विचारले.

रक्षकांना याचे उत्तर कोणी शिकवले नव्हते. सेनापती हसला. कोष्टी काही पळून जात नव्हते. त्याने आधी घाटावर आपला ध्वज रोवला, तंबू ठोकले, आणि कोळ्यांच्या होड्याही ताब्यात घेतल्या. आयत्या बिळावर नागोबा व्हायला कोणाला नको असते?

ही बातमी कळताच राजा सैन्यासह धावत आला. "हा घाट माझा आहे! माझ्या आजोबांनी बांधलाय!" तो ओरडला.

सेनापतीने खुंटीकडे बोट दाखवले. "महाराज, ही तर तुमच्याच हुकमाने ठोकली ना?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. राजाने बोधिसत्त्वांना हाक मारली. "अमात्य, तुम्ही मोजणी केली आहे. सांगा यांना, घाट कोणाचा?"

"घाट महाराजांचा आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "परवाही होता. आणि घाट महाराजांचा असेल, तर ही माणसे परवापासून महाराजांच्या राज्यात आहेत. दोन्ही मिळून एकच मोजणी आहे. अर्धी घेता येणार नाही."

 राजा रथातून उतरला आणि त्याने ती खुंटी आपल्या हातांनी उपटली. त्याच्या सैन्यापुढे आपले काही चालणार नाही हे ओळखून सेनापतीने ध्वज काढला, होड्या सोडल्या आणि तो परत गेला.

त्याच दिवशी सभेत कोष्ट्यांचे म्हणणे ऐकले गेले. ते खरे ठरले. राजाने त्यांना अभय दिले, राहायला जागा दिली आणि मल्लीला विचारले, "बाई, आणखी काही मागणे आहे?"

"मागणे नाही, महाराज. एक विचारायचंय. माझे वडील कुठे वारले? राज्यात, की बाहेर?"

सोमिल खाली पाहू लागला.  राजा म्हणाला, "राज्यात, बाई. माझ्या राज्यात, माझ्या दारात, मी जेवत होतो तेव्हा."

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा एका धनाढ्य विहारात सांगितली. तिथल्या भिक्षूंनी एका आजारी वाटसरूला ओसरीवरच ठेवले होते, आणि ओसरी म्हणजे काही विहार नव्हे, असे त्याला सांगितले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे या विहाराचा आजचा प्रमुख. सोमिल म्हणजे तुमचा भांडारपाल. मल्ली आज थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, होऊन समोर बसली आहे. तो म्हातारा म्हणजे तुमच्या ओसरीवर तापाने फणफणलेला वाटसरू. रज्जुग्राहक मीच होतो."

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी सत्य पारमिता, म्हणजे सत्याचे पूर्णत्व, पाळली.